डोंग्याचा दुसरा पंप

डोंग्याच्या बुडात जे साचायचं त्याला आमच्या घरी पाणी म्हणत. मला त्याला पाणी म्हणवत नाही, आजही नाही. काळं, बुळबुळीत, वर तवंग धरलेलं. हात घातला की हाताला सोडायचं नाही. त्यात जलकुंभीची कुजलेली मुळं असत, मेलेल्या झिंग्या असत, आदल्या साली तलावात शिरवलेल्या, म्हणजे विसर्जन केलेल्या, देवीच्या मूर्तीतलं तणस असे. शिवाय माझा थोरला भाऊ त्यातच तंबाखू थुंकत असे. बाहेर एवढा तलाव पसरलेला, पण हा आत थुंकायचा. त्याचं म्हणणं असं की वारा उलटा आला तर थुंकी अंगावर येते. आणि हे सगळं रॉकेलच्या कापलेल्या डब्याने उपसून बाहेर टाकण्याचं काम माझं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि आठवी पास झाले होते.

आम्ही विणकर. नागपुरात आमच्या पेठेत दर घरी माग होता आणि बाबांनी विणलेलं लुगडं दूरदूर जायचं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. सूत वेळेवर मिळेना आणि गिरणीच्या लुगड्यांपुढे आमचं लुगडं कुणी विचारीना. पेठेतली माणसं मिळेल त्या कामाला लागली. कुणी गिरणीत गेलं, कुणी विड्या वळू लागलं. बाबांना एका ठेकेदाराने विचारलं, जुम्मा तलावातली जलकुंभी ओढून काठावर टाकाल का, गणपतीच्या आत तलाव मोकळा करायचा आहे. बाबा हो म्हणाले. गुडघ्याच्या वर पाण्यात बाबा जन्मात कधी गेले नव्हते. पण नाही म्हणायला तोंड कुठलं?

त्यांनी एका मासेमाऱ्याकडून जुना लाकडी डोंगा आणला. आता डोंग्याच्या फळ्यांमधल्या भेगा कशाने भरतात हे ज्याच्याकडून डोंगा आणला त्याला विचारावं की नाही? नाही. बाबांच्या लेखी जगातल्या कुठल्याही भेगेवर एकच इलाज होता, सूत. त्यांनी चांगलं कापसाचं सूत पिळून भेगांत ठोकलं आणि वरून खळ लावली. तीच भाताची खळ, जी आम्ही विणण्याआधी ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांना, लावून सूत ताठ करायचो. दोन दिवसांत ती खळ विरघळून बुडातल्या पाण्यात उतरली आणि आंबली. मग मागाहून डांबर लावलं, पण ते भेगेत शिरेना, कारण आत सूत. आंबलेल्या खळीचा तो वास मी सांगू शकत नाही आणि सांगायची इच्छाही नाही. जेवताना भात वाढला की मी ताट लोटायची.

पाणी काढायला डोंग्यात एक पंप होता. पंप कसला, होळीची पिचकारीच ती. पत्र्याची लांब नळी, आत चामड्याचा वायसर आणि वर-खाली करायचा दट्ट्या. जलकुंभीचं एक मूळ आत गेलं की तो बसायचा. मग भाऊ शिव्या घालत तो उलटा करून आपटत बसायचा आणि मी डबा उचलायची. बाबा पुढच्या टोकाला आकडीच्या बांबूने जलकुंभी ओढत, भाऊ ती आत घेई आणि मी मागे बसून उपसे. म्हणजे पहिला पंप तो पत्र्याचा आणि दुसरा पंप मी. मी कधी बसले नाही, माझा वायसर कधी फाटला नाही, म्हणून माझ्याबद्दल कुणाला काही वाटायचं नाही.

घरी परत आल्यावर माय मला आत येऊ द्यायची नाही. विहिरीजवळ उभं करून अंगावर बादल्या ओतायची आणि राखेने हात घासायची. तरी वास जायचा नाही. तो केसांत बसला होता. मी अंथरुणावर पडले की माझा मलाच यायचा.

वार्षिक परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी डोंग्यात होते. शाळेच्या मोठ्या बाईंनी निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं, "पेठेतल्या मुली आठवीनंतर येत नाहीत. मला माहीत आहे. शाळा उघडायच्या दिवशी तू वर्गात दिसलीस तर नाव घालीन. नाही दिसलीस तर तुझी जागा दुसरीला." मी हे घरी येऊन बाबांना शब्दाला शब्द सांगितलं.

"मंग डोंग्यातलं पाणी कोण उपसन?" भाऊ म्हणाला.

"तू उपस. थुंकतो बी तूच," मी म्हटलं.

"गप बसा वं," माय म्हणाली, दोघांनाही.

बाबा म्हणाले, "आपण एक दुसरा पंप पाहू. चांगला. एक बसला तं दुसरा चालला पायजे. तो पंप लागला का तू मोकळी."

हे त्यांनी मायच्या समोर म्हटलं. मी ते पक्कं धरून ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात पंपाची सगळ्यात जास्त काळजी कुणाला असेल तर ती मला.

बुधवारी बाजारात आम्ही तिघं गेलो. एका कबाड्याच्या दुकानात लढाईच्या काळातलं सामान ढीग घालून पडलं होतं. हेल्मेटं, कंदील, गंजलेल्या साखळ्या. त्याने आम्हाला आधी एक आग विझवायचा पंप दाखवला. बादलीत उभा करायचा, एक पाय त्याच्या पट्टीवर ठेवायचा आणि वरचा दट्ट्या मारायचा. पितळेचा होता, घासला तर देवघरात ठेवावा असा. भाऊ त्या पितळेवर भाळला. मी विचारलं, "डोंग्यात उभं राहून एका पायावर हे कोण करणार?" भाऊ म्हणाला, "करू." मी म्हटलं, "तुले दोन पायांवर डोंग्यात उभं राहता येत नाही." कबाडी हसला आणि त्याने तो पंप मागे ठेवला.

दुसरा एक लांब नळीचा होता, पिंपातून रॉकेल काढायचा. त्याला रॉकेलचा वास मारत होता आणि त्याची नळी माझ्या बोटाएवढी. त्यातून जलकुंभीचं मूळ सोडा, मुंगीही गेली नसती. मी नको म्हटलं. बाबा माझ्याकडे पाहत होते. मी इतकं बोलेन असं त्यांना वाटलं नसावं.

तिसरा मात्र पंपासारखा पंप होता. ओतीव लोखंडाचा, तव्याएवढा गोल आणि चपटा, मागून फळीला बोल्टने जखडायचा. समोर दांडा. दांडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवला की आतली पाती फिरते, खालच्या नळीने पाणी ओढते आणि वरच्या नळीने फेकते. नळी चांगली मनगटाएवढी जाड. लोखंडाचा दांडा मोडलेला होता, त्या जागी कुणीतरी बाभळीचा घडून बसवला होता आणि तो एका खिळीने अडकवलेला होता. खिळी काढली की दांडा हातात.

बाबांनी तो कोरडाच हलवला. आत पाती आपटून खट-खट आवाज झाला. बाबांचा चेहरा एकदम उजळला. "ऐक वं," ते मला म्हणाले, "धोट्यासारखा चालून राहिला." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारी नाव. बाबांनी डोळे मिटून आणखी दोन-चारदा हलवला. मला रडू यावं का हसू, कळेना. पंप घ्यायला आलेला माणूस तो मागासारखा वाजतो म्हणून घेतो!

"पाणी ओढते का पाहू," मी म्हटलं.

कबाड्याने नाकं मुरडत बादली आणली. नळी पाण्यात सोडली, बाबांनी दांडा मारला. काही नाही. नुसती खट-खट. कबाडी म्हणाला, आधी वरून लोटाभर पाणी ओतावं लागतं, मग धरतो. ओतलं. दांडा दोनदा मारला आणि पंपाने असं काही पाणी ओकलं की माझं परकर-पोलकं पुढून तांबडं झालं. आतला सगळा गंज, कुजलेली पानं आणि एक मेलेली पाल माझ्या पायावर. भाऊ पोट धरून हसला. मी पालीला पायाने ढकललं आणि म्हटलं, "हाच घ्या." त्या पंपाने ओढलं तर खरं. पुढचं सगळं मी सहन करायला तयार होते.

दुसऱ्या दिवशी काठावर डोंगा उपडा घालून घासला आणि सुलटा करून पंप बसवायला घेतला. कुठे बसवायचा यावर बापलेकांचं जुंपलं. बाबा म्हणत मधे, म्हणजे दोघांपैकी ज्याचा हात मोकळा त्याने हलवावा. मलाही तेच हवं होतं. भाऊ म्हणत होता मागे, बुडाचा खोलगट भाग मागे आहे, पाणी तिथेच जमतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून बाबा हो म्हणाले. भावाने मागच्या आडव्या फळीला भोकं पाडली, पंप टेकवला आणि मला हाक मारली.

"बस वं इथं. हात पोचते का पाह्य."

मी माझ्या नेहमीच्या जागेवर बसले. दांडा माझ्या हाताच्या अगदी पुढ्यात. भावाने पंप बोटभर खाली सरकवला, माझा हात पुन्हा दांड्यावर ठेवून पाहिला आणि बोल्ट आवळला.

मला समजलं. तिथेच, बसल्या जागी समजलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा नळीच्या तोंडाशी काहीतरी करत होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा त्यांनी ठेवलं नव्हतं.

"माह्या हाताचं माप काहून घेतलं?" मी विचारलं.

"कोणी तरी हालवनच ना," भाऊ म्हणाला. "पंप का हवेनं चालते?"

"बाबा, तुमी म्हटलं होतं..."

"हो, हो," बाबा म्हणाले. "आधी चालू तं दे."

भावाची मला त्या क्षणी जी शिसारी आली ती बुडातल्या पाण्याची कधी आली नव्हती. त्याच्या पिवळ्या दातांची, बोल्ट आवळताना बाहेर काढलेल्या जिभेची, सगळ्याची. मोठा भाऊ म्हणून पाटावर पहिला बसणारा, पोळीचा मऊ भाग त्याचा. आणि ह्याला बहिणीचा हात कुठवर पोचतो एवढं माप बरोबर घेता आलं.

आता नळीच्या तोंडाचं. नळीत मूळ-कचरा जाऊ नये म्हणून तोंडाला जाळी लागते. मायने घरातली जुनी पत्र्याची चाळणी दिली होती, पिठाची, मोठ्या भोकांची. ती वाकवून तोंडाला बांधली असती तर काम झालं असतं. बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवली. मग कमरेचं पुडकं सोडलं. आत कापड होतं. त्यांचं स्वतःचं, शेवटच्या ताण्यावरचं, विकायचं राहून गेलेलं. पांढरं, घट्ट, इतकं दाट विणलेलं की तोंडावर धरलं तर पलीकडचा दिवा दिसू नये.

"यातून पाणी जाणार कसं?" मी म्हटलं.

"पाणी जाते. कचरा जात नाही."

"चाळणी बांधा, बाबा."

ते दुखावले. खरंच दुखावले, त्यांचा आवाज पडला. "पत्र्याच्या भोकायवर भरोसा आहे तुमचा, अन् माह्या कापडावर नाही? अरे, माह्या कापडातून पाणी गाळून लोक पीत होते."

आमच्या पेठेत प्यायचं पाणी कापडातूनच गाळत, हे खरं. पण ते विहिरीचं पाणी, आणि गाळायला जुनं, विरविरीत धोतर. हे काळं सूप आणि हे कोरं कापड. एवढं सांगायला माझं तोंड उघडलं आणि मी बंद केलं. बाबांनी नळीच्या तोंडाला कापडाचे तीन वेढे घातले आणि वर सुतळीने आमची विणकरी गाठ मारली. ताण्याचं तुटलेलं सूत जोडायची गाठ ती. बारीक, सपाट, ओढाल तशी घट्ट होणारी. ती सुटू नये म्हणूनच मारतात. तीन पिढ्या ज्या हातांनी विणलं त्या हातांना दुसरं काही सुचणारच नाही, असं आता मला वाटतं. तेव्हा मला नुसता संताप आला होता.

शाळा उघडायला तीन दिवस होते. आम्ही पहिली पूर्ण खेप घ्यायला तलावाच्या मधे गेलो. तिथे जलकुंभी इतकी दाट की डोंगा त्यात रुतून राहायचा. दुपारपर्यंत डोंग्यात माझ्या खांद्याएवढा ढीग झाला. त्यातून पाणी निथळत होतं, फळ्यांतून येत होतं ते वेगळं. नव्या पंपाने सुरुवातीला सुरेख ओढलं. बाबा मागे वळून पाहायचे आणि हसायचे. मी दांडा हलवत होते. एकीकडे मला आनंद होत होता की ओढतो आहे, आणि एकीकडे तो ओढेल तितकी मी तिथे पक्की होत जाईन हेही कळत होतं.

मग धार बारीक झाली. मग थेंब. मग नुसती खट-खट.

"ओढत नाही," मी ओरडले.

"जोरानं मार," बाबा म्हणाले.

भावाने पत्र्याची पिचकारी घेतली. दोनदा दट्ट्या मारला आणि तीही बसली. तो नेहमीप्रमाणे ती आपटायला उभा राहिला, तेव्हा डोंगा कलला आणि कडेवरून तलावच आत आला. भाऊ किंचाळून खाली बसला. मी डबा शोधला. डबा घरी होता. नवीन पंप लागला म्हणून भावाने तो आदल्या दिवशी घरी नेऊन ठेवला होता.

पाणी माझ्या पोटऱ्यांवर आलं. भाऊ हाताने ढीग बाहेर लोटत होता, पण बाहेरही जलकुंभी, ती परत कडेला टेकून राही. तिघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. बाबा पुढच्या टोकाला बांबू घट्ट धरून बसले होते आणि पाहत होते माझ्याकडे.

मी बसल्या जागी वाकले आणि हात आत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तरी नळीचं तोंड हाताला लागेना, ते आडव्या फळीच्या खाली सरकलं होतं. मी गाल पाण्याला टेकवला. ते पाणी माझ्या ओठांना लागलं, मग तोंडात गेलं. खळ, तंबाखू, मेलेली झिंगी, देवीच्या पोटातलं तणस. मी ते सगळं थुंकलं आणि परत वाकले. नळी सापडली. ओढून वर काढली तर कापडावर बोटभर जाड काळा गोळा बसलेला, सायीसारखा. बोटांनी गाठ सुटेना. भिजून ती लोखंडाची झाली होती. कापड दातांनी फाडायचा प्रयत्न केला, फाटेना. बाबांनी विणलेलं होतं ते, कसलं फाटतंय! शेवटी मी ती गाठ दातांत धरली आणि विणकराच्या पोरीला जशी माहीत असते तशी जिभेने मागून ढकलत ढकलत सैल केली. वेढे उकलले. नळी परत खाली सोडली आणि दांडा मारला. खट. खट. खट. मग आत गुरगुरलं, आणि बाहेरच्या नळीतून काळी धार तलावात पडली.

काठावर येईपर्यंत मी दांडा सोडला नाही. काठावर पाय टेकताच मला उलटी झाली, उभ्या उभ्या, पोटात काही उरलं नाही तोपर्यंत.

वर पाहिलं तर बाबा पाण्याच्या कडेला उकिडवे बसून ते कापड धूत होते. धुऊन झाल्यावर त्यांनी ते दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरलं. त्यावर माझ्या दातांच्या खुणा होत्या.

"एक धागा नाही सरकला," ते म्हणाले. "पाह्य वं. एक धागा नाही."

आम्ही बुडता बुडता वाचलो होतो, मी काठावर ओकत होते, आणि हा माणूस आपलं विणकाम पाहत होता. मला बाबांची शिसारी आयुष्यात त्याआधी कधी आली नव्हती, म्हणून ती लपवायची कशी हेही मला ठाऊक नव्हतं. मी तोंड फिरवलं.

भाऊ अंगावरची जलकुंभी झटकत म्हणाला, "हिच्याबिगर डोंगा काढाचा नाही, बाबा. आज ही नसती तं मेलो असतो."

बाबांनी मान हलवली. होकारार्थी.

"तुमी म्हटलं होतं, पंप लागला का मी मोकळी," मी म्हटलं.

"म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "पण आज पाह्यलं ना आपण."

म्हणजे हे असं. उपसत होते तोवर उपसते म्हणून डोंग्यात, आणि वाचवलं तर वाचवलं म्हणून डोंग्यात. मी तिथून चालत घरी आले. विहिरीजवळ मायने बादल्या ओतल्या, काय झालं ते ऐकलं. आणि केस दोनदा धुतले.

नळीला चाळणी बांधली गेली. पुढचे दोन दिवस मी डोंग्यात बसले, दांडा हलवला. तिसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. सकाळी बाबा आणि भाऊ चहा पीत होते तेव्हा मी तलावावर गेले. डोंगा खुंटाला बांधलेला होता. मी दांड्याची खिळी काढली, दांडा पिशवीत घातला, वर वह्या ठेवल्या आणि शाळेत जाऊन नववीच्या वर्गात बसले. मोठ्या बाईंनी दारातून मला पाहिलं आणि रजिस्टरात लिहिलं. माझ्या बाकावरची मुलगी पदराने नाक झाकून जरा पलीकडे सरकली. मी तिला ओळखत होते, तीही आमच्याच पेठेतली. मी मनात म्हटलं, सरक.

दुसरा तास चालू होता. आधी वास आला. सगळ्या वर्गाने खिडकीकडे तोंडं वळवली, मी वळवली नाही, मला त्या वासाची ओळख होती. मग दारात बाबा. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं आणि काळं, पायाला चिखल. म्हणजे डोंग्यात जाऊन, पंप पाहून, तसेच आले होते. मागून मोठ्या बाई आल्या. त्यांनी नाकाशी रुमाल धरला होता.

"हिला न्यायला आलात का?" त्यांनी विचारलं. "नेणार असाल तर आत्ताच सांगा, मी नाव कापते."

वर्गात कुणीतरी खुसकन हसलं. बाबांनी बाईंकडे पाहिलं, मग वर्गाकडे, मग फळ्याकडे. फळ्यावर भूमितीचा त्रिकोण काढलेला होता.

"दांडा दे," ते मला म्हणाले.

मी पिशवीतून दांडा काढला. सगळ्या मुली पाहत होत्या. मी तो त्यांच्या हातात दिला आणि वह्या गोळा करायला लागले. एक वही खाली पडली, ती उचलली. पिशवी खांद्याला लावली.

"तू कुठं निघाली वं?" बाबा म्हणाले. "दांडा मांगितला मी."

"अन् हालवन कोण?"

"तुहा भाऊ. त्याले म्हटलं, हात हालव नाही तं बूड."

ते वळले आणि ओसरीवरून गेले. त्यांच्या मागे काळ्या ओल्या पावलांची रांग उमटत गेली. मोठ्या बाईंनी शिपायाला हाक मारली. शिपाई फिनेलची बादली घेऊन आला, एका हाताने नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताने बाबांची पावलं एकेक करून पुसायला लागला, तोंड वेडंवाकडं करत, वर्गातल्या मुलींना हसवत. तेव्हा मला किळस आली ती त्याची.